कोटेशनवर प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अद्यतनं (अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तेव्हापासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि उपनगरांतल्या संगणकाच्या दुकानांत गिऱ्हाइकाला एकच उत्तर मिळतं : 'तुमचं मशीन आता जुनं झालं, नवीन घेऊन टाका.' घरातला चालता संगणक भंगाराच्या भावात जातो आणि त्याच्या जागी 'नवा कोरा आय-फाईव्ह' येतो. हा नवा कोरा संगणक कित्येकदा दिलेल्या जुन्यापेक्षाही जुना असतो. घरी संगणक असलेल्या प्रत्येकाला हे कळायला हवं, म्हणून हे पत्र.

'आय-फाईव्ह' हे एका प्रोसेसरचं नाव नाही. २००९ पासून इंटेलने या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या प्रोसेसर विकले. खरी ओळख डॅशच्या पुढच्या आकड्यात असते. आय५-३४७० म्हणजे तिसरी पिढी, साल २०१२. आय५-८४०० म्हणजे आठवी, साल २०१७. आय५-१२४०० म्हणजे बारावी, साल २०२२. तिन्ही 'आय-फाईव्ह'च, पण पहिल्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि शेवटच्यावर सहज चालतं. बाजारात आजही एच-६१ चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डवरची मुख्य चिप) चकचकीत, खोक्यातले मदरबोर्ड मिळतात. हा चिपसेट २०११ सालचा. त्यावर कार्यालयांतून निघालेला तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, डीडीआर३ रॅम आणि कुठल्याशा नावाची एसएसडी (फिरत्या भागांविना चालणारी डिस्क) बसवतात, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट चढवतात, की झाला 'नवा आय-फाईव्ह, सोळा जीबी'. कॅबिनेट नवं, पंखे नवे, बोर्डचा खोकाही नवा. आतला प्रोसेसर मात्र दहावीच्या मुलासाठी घेत असाल, तर जवळपास त्याच्याच वयाचा.

असा संगणक विकू नये असं आमचं म्हणणं नाही. निव्वळ टायपिंगला आणि हिशेबाला तो पुरतो, त्याची किंमत तेवढीच असावी. पण कोटेशनवर प्रोसेसरचा पूर्ण नंबर, बोर्डचं मॉडेल, रॅमचा प्रकार (डीडीआर३, डीडीआर४ की डीडीआर५), एसएसडीची कंपनी आणि मॉडेल, एसएमपीएसचं (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचं) मॉडेल एवढं लिहिलेलं असलंच पाहिजे. 'आय५ / १६ / ५१२' या तीन शब्दांच्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका. दुकानदार नंबर लिहून द्यायला कां-कूं करत असेल, तर पुढच्या दुकानात जा. लॅमिंग्टन रोडवर दुकानांना तोटा नाही.

दुकानातच मशीन सुरू करून घ्या आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात सीपीयूवर क्लिक केलं की वर उजवीकडे प्रोसेसरचा पूर्ण नंबर दिसतो. मेमरीवर क्लिक केलं की रॅमचा वेग आणि किती खाचा भरल्या आहेत ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. नंबरच्या शेवटच्या अक्षराकडेही बघा. इंटेलच्या नंबरामागे 'एफ' असेल (१२४००एफ), तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीही येणार नाही. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत उलटं आहे. मागे 'जी' असेल (५६००जी) तर ग्राफिक्स आहे, नुसतं ५६०० असेल तर नाही. कोटेशन स्वस्त दिसावं म्हणून 'एफ'वाला लिहितात आणि मग कार्ड वेगळं घ्यावं लागतं.

आता घरातला संगणक खरंच बाद झाला आहे का, ते आधी घरीच तपासा. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची, एएमडीचा रायझन २००० (काही मॉडेलं सोडून) किंवा त्यापुढचा, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं. दुकानदार 'टीपीएम नाही, बोर्ड बदलावा लागेल' म्हणतो, तिथे घाई करू नका. आठव्या-नवव्या पिढीच्या असंख्य बोर्डांवर टीपीएम आधीपासूनच अंगभूत असतं, फक्त बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेलं असतं. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. इंटेलच्या बोर्डावर 'पीटीटी' आणि एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम' हा पर्याय शोधून चालू करा. नव्या बोर्डाचा खर्च वाचला. मात्र त्याआधी एक काळजी घ्या : डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. टीपीएमच्या सेटिंगला हात लागला की विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर सगळा डेटा कुलपात. विंडोज जुन्या 'लेगसी' पद्धतीने टाकलेलं असेल, तर सिक्युअर बूट लगेच चालू करू नका. आधी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीवरून नव्या जीपीटी पद्धतीवर आणावी लागते. विंडोज १० मध्ये त्यासाठी एमबीआर२जीपीटी हे साधन आहे. बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये. हे न करता नुसतं सेटिंग बदललं की मशीन चालू होत नाही आणि लोक म्हणतात, बायोस बिघडला.

सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा संगणक असेल, तरी तो त्याच दिवशी बाद होत नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सुरक्षा अद्यतनांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन करायला हवं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय येतो. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडला, तर पैसे पडत नाहीत. नुसतं ब्राउझिंग, मेल, लेखन असेल तर लिनक्स मिंट हाही चांगला मार्ग आहे. त्यात मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. विंडोज ११ ची अट चुकवून ते जुन्या मशीनवर टाकून देणारेही आहेत. ते चालतं, पण पुढची अद्यतनं मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर होतात, तिथे तो धोका पत्करू नये.

गिरगाव-दादरच्या डीटीपीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. जुन्या स्कॅनरचे, जुन्या प्रिंटरचे ३२ बिट ड्रायव्हर त्यावर चालत नाहीत. ज्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरला पॅरलल पोर्टचा (जुन्या प्रिंटरच्या जोडणीचा) डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लागतो, त्यासाठी नव्या बोर्डावर पोर्टच नसतं, आणि यूएसबीचं साधं कन्व्हर्टर प्रिंटरला चाललं तरी डोंगलला बहुधा चालत नाही. अशा ठिकाणी जुनं मशीन इंटरनेटपासून तोडून त्या एका कामासाठी ठेवा आणि इंटरनेटसाठी दुसरं वापरा.

खर्च करायचाच असेल तर पहिला रुपया एसएसडीवर. मशीन 'हळू' झाल्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ फिरत्या हार्ड डिस्कमध्ये असतं. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फायली वाचतं आणि हार्ड डिस्कची सुई प्रत्येकीसाठी इकडून तिकडे पळते. एसएसडीत पळायला काही नसतंच. कोणती घ्यायची ते बोर्डवर ठरतं. एच-६१, एच-८१ अशा जुन्या बोर्डांवर सहसा एम.२ ची (पट्टीसारख्या एसएसडीची) खाच नसते, तिथे अडीच इंची साटा (हार्ड डिस्कच्याच वायरीने जोडली जाणारी) एसएसडी घ्या. एच-६१ वर साटाचा वेग ३ गिगाबिटच असल्यामुळे सेकंदाला साधारण २८० एमबीपर्यंत मिळेल, नव्या बोर्डांवर साधारण ५५०. तरी फरक डोळ्यांना दिसतो. अशा जुन्या बोर्डावर पीसीआय एक्स्प्रेस अडॅप्टरमधून एनव्हीएमई (साटाहून वेगवान प्रकारची एसएसडी) बसवून देणारे आहेत, पण जुन्या बायोसला सहसा तिच्यावरून बूट करता (विंडोज सुरू करता) येत नाही, पैसे फुकट जातात. एम.२ खाच असेल तर ती साटा आहे की एनव्हीएमई, हे बोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघूनच खरेदी करा. दोन्ही दिसायला जवळजवळ सारख्या, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, पण एक दुसरीच्या जागी चालेलच असं नाही.

बसवताना होणारी चूक ठरलेली : बोर्डवर स्क्रूखालची पितळी खुंटी न लावता एसएसडी थेट आवळतात, पट्टी वाकते आणि काही महिन्यांनी संपर्क सुटतो. हीटसिंकच्या (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) थर्मल पॅडवरची पातळ फिल्म सोलायची असते, ती लोक विसरतात. एसएसडीवरचं स्टिकर सोलायचं नसतं, ते मात्र सोलतात आणि वॉरंटी घालवतात. 'एसएसडी लवकर मरते' ही भीतीही उगाच आहे. ५०० जीबीच्या चांगल्या साटा एसएसडीवर साधारण १५० ते ३०० टीबी लिहिता येईल असं कंपनी सांगते. रोज २० जीबी लिहिलं तरी पाच वर्षांत ३६.५ टीबी होतात. मरतात त्या बिननावाच्या. वापरलेली एसएसडी नवी म्हणून मिळाली आहे का, हे क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'पॉवर ऑन अवर्स'वरून कळतं. नव्या एसएसडीवर तिथे चारशे तास दिसले, तर लगेच दुकानात परत जा. एसएसडी बदलल्यावर विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागत नाही. विंडोज १०-११ चा डिजिटल परवाना प्रामुख्याने बोर्डशी बांधलेला असतो. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज उतरवून घ्या, नव्याने इन्स्टॉल करा आणि की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' निवडा. इंटरनेट लागलं की परवाना आपोआप लागू होतो. त्यासाठी वेगळे पैसे मागत असतील तर देऊ नका.

रॅमचं मात्र आज दुखणंच आहे. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या महागड्या मेमरीकडे त्यांनी आपली क्षमता वळवली, तसे २०२५ च्या उत्तरार्धापासून घरगुती रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशल या नावाने होणारा ग्राहकविक्रीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. याचा व्यवहारातला अर्थ असा की घरात असलेली डीडीआर४ रॅम आज सोन्यासारखी जपायची. जुनं मशीन एक्स्चेंजमध्ये देताना रॅमसकट देऊ नका. नवं मशीन जुळवायचं असेल आणि जुनी रॅम डीडीआर४ असेल, तर तीच चालेल असा बोर्ड मागा. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीसाठी डीडीआर४ चे बोर्ड निघाले आहेत आणि एएमडीच्या एएम४ सॉकेटला डीडीआर४ च लागते. डीडीआर३, ४ आणि ५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एक दुसऱ्यात बसत नाही. बसवण्यासाठी जोर लावावा लागत असेल तर थांबा. १६ जीबी हवी असेल तर १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घेतल्याने, विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तिथे, काम जास्त चपळ होतं. घरकामाला ८ जीबी आज कशीबशी पुरते, १६ व्यवस्थित.

मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत रॅमच्या सोनेरी दातांवर थर धरतो. पावसाळ्यात आठवडाभर गावाला जाऊन आलं की संगणक सुरू होत नाही, नुसता बीप-बीप करतो किंवा पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. 'बोर्ड गेला' असं सांगितलं जातं. आधी हे करा : प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आतला साठलेला भार निघून जातो. कॅबिनेटच्या धातूला हात लावा, रॅमची पट्टी काढा आणि तिचे दात मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसा. पुसताना पट्टी बोर्डवर धरू नका, रबराचा चुरा खाचेत पडता कामा नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर आणखी बरं. पट्टी परत बसवताना दोन्ही टोकांचा 'टक्‌' आवाज आला पाहिजे. नुसता एका बाजूने आला तर पट्टी तिरकी आहे. घड्याळ दर वेळी मागे जात असेल आणि वेबसाइट उघडताना प्रमाणपत्राची चूक दाखवत असेल, तर बोर्डवरचा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा बटण-सेल बदला. संगणक फॉरमॅट करायची गरज नाही.

ज्या भागाकडे कुणीच बघत नाही तो म्हणजे एसएमपीएस, आणि तो गेला तर सगळ्यांना घेऊन जातो. कॅबिनेटबरोबर 'फुकट' येणाऱ्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं असतं. त्याच्या बाजूचं बारीक अक्षरांतलं कोष्टक वाचा. +१२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिलं असेल, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड याच रकान्यातून जेवतात. खऱ्या ४५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर तिथे ३५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो. ८० प्लसचं (कमी वीज वाया घालवत असल्याचं) प्रमाणपत्र आणि किमान तीन वर्षांची वॉरंटी असलेलाच घ्या.

एसएमपीएस कितीही चांगला असला, तरी भिंतीतल्या तिसऱ्या पिनेला वायर हवी. जुन्या चाळींत, पागडीच्या खोल्यांत भोक तीन पिनांचं असतं, पण मागे अर्थिंग पोचलेलंच नसतं. ओल्या हाताने कॅबिनेटला स्पर्श झाला की झिणझिण्या येतात त्या यामुळेच : एसएमपीएसमधल्या फिल्टरचा गळता प्रवाह जमिनीत जायला वाट मिळत नाही आणि तो कॅबिनेटवर उतरतो. स्पाइक गार्ड लावून हे जात नाही, कारण अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्डचा बराचसा उपयोगच संपतो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. संगणकाच्या खर्चापुढे तो खर्च काहीच नाही. यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटचा असतो. त्यातली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, तेव्हा पूर्ण यूपीएस न बदलता नुसती बॅटरी बदलून घ्या. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नका. त्याचा हीटर एकदम इतका प्रवाह ओढतो की यूपीएस बंद पडतो.

नवं मशीन आवाक्याबाहेर असेल, तर कार्यालयांतून निघालेले नामांकित कंपन्यांचे रिफर्बिश्ड (नीट करून पुन्हा विकलेले) डेस्कटॉप हा आमच्या मते सर्वांत शहाणा सौदा आहे, पण मॉडेलचा आकडा बघून. डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०५० सहाव्या-सातव्या पिढीचा, ३०६० आठव्या पिढीचा. एचपीचा एलिटडेस्क ८०० जी३ जुना, जी४ पुढचा. लेनोवोचा एम७१० जुना, एम७२० पुढचा. किमतीत थोडासाच फरक असतो, पण विंडोज ११ चालणार की नाही ते त्या फरकातच आहे. या मशीनांचे एसएमपीएस त्या-त्या कंपनीच्या खास आकाराचे असतात, बाजारातला साधा बसत नाही. म्हणून त्याची वॉरंटी वेगळी लिहून घ्या.

लॅपटॉपबद्दल थोडक्यात. 'एलपीडीडीआर' लिहिलं असेल तर रॅम सहसा बोर्डवर चिकटवलेली असते, पुढे वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच १६ जीबी घ्या. एएमडीच्या ७००० मालिकेतल्या लॅपटॉप-प्रोसेसरचा तिसरा आकडा बघा. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे आतली रचना झेन २ ही जुनीच आहे, पहिला ७ बघून फसू नका. वापरलेला लॅपटॉप घेताना कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी, जागा सोडून तिरकी रेघ, बॅटरीरिपोर्ट' हे इंग्रजीत टाइप करायला लावा. त्यातून तयार होणाऱ्या अहवालाच्या फाइलमध्ये मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता दिसते. निम्म्याखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून घ्या.

बिल पक्कंच घ्या. संगणकाच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो वाचवायला 'कच्चं चालेल ना?' असं विचारलं जातं. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून आणि बिलावरच्या सीरियल नंबरवर चालते. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस या पाचांचे सीरियल नंबर बिलावर हवेत. खोक्यातल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. 'ट्रे'मधून सुटा दिलेला प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्यासाठी कंपनी तुम्हाला दारात उभं करत नाही, दुकानदार जे देईल तेच. दुकानदार हात वर करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पण तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

आणि जुनं मशीन देताना हार्ड डिस्क काढून घ्या. नुसतं क्विक फॉरमॅट केल्याने आधार, पॅन, बँकेचे कागद पुसले जात नाहीत, साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतात. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. बाकीचा सांगाडा रस्त्यावरच्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्या. काढलेली डिस्क चांगली असेल तर यूएसबी केसमध्ये घाला आणि घरच्या फोटोंची दुसरी प्रत तिच्यावर ठेवा. एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना पडून राहिली तर डेटा गमावू शकते. कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी जुनी फिरती डिस्कच बरी.

— संगणक जुळणी व दुरुस्ती क्षेत्रातील काही वाचक,
गिरगाव, मुंबई